हिरव्या टेकडीवरची कचराकुंडी

'वॉलपेपर' या शब्दाचा मराठीतला प्रवास उलटा झाला. युरोप-अमेरिकेत आधी घराच्या भिंतीला कागद चिकटला आणि मग त्याचं नाव पडद्यावरच्या चित्राला मिळालं. आपल्यातल्या बहुतेकांनी वॉलपेपर पहिल्यांदा पाहिला तो कॉम्प्युटरवरच. तसला कागद खरोखर भिंतीला लावतात हे नंतर कधीतरी कळलं. आपल्या भिंतींना चुना, मग डिस्टेंपर, ऐपत असली तर ऑइल पेंट. जून ते सप्टेंबर ओल धरणाऱ्या भिंतीला कागद चिकटवायचं कुणाच्या डोक्यात येणार? भिंतीवर जे काही असायचं ते खिळ्याला टांगलेलं: कालनिर्णय, देवाची तसबीर, गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो. भिंतीवर चित्र आहे म्हणजे घरातल्या कुणीतरी ते आणून लावलं आहे, एवढं तरी त्यावरून कळायचं.

कॉम्प्युटरवरच्या चित्राबद्दल हे म्हणता येत नाही. ते बहुतेक वेळा आधीच लावलेलं येतं आणि बहुतेक माणसं ते तसंच राहू देतात. त्यामुळेच असेल, पण चित्र म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. सिनेमाच्या पोस्टरवर लिहिलं जातं, कॅलेंडरवरच्या चित्रांवर प्रबंध होतात, ट्रकच्या मागे रंगवलेल्या मजकुराचे संग्रह निघतात. वॉलपेपर मात्र 'सेटिंग' या खात्यात जमा आहे. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास त्या चित्रापुढे बसतो आणि त्यातली दोन मिनिटंही ते मला दिसत नाही, कारण वर खिडक्या उघडलेल्या असतात. तरीही माझं म्हणणं असं आहे की गेल्या चाळीस वर्षांत यंत्र नेमकं कुणाचं, या प्रश्नाचा निकाल जितक्या उघडपणे या मागच्या चित्रावर लागत आला आहे तितका दुसरीकडे कुठे क्वचितच लागला असेल.

सुरुवात अर्थात त्या टेकडीपासून करायला हवी. विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी, निळं आकाश, पांढरे ढग. माझ्या वयाच्या कुणाही मराठी मुला-मुलीला शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधली पहिली आठवण विचारा. चपला बाहेर काढायच्या, एका कॉम्प्युटरवर तिघांनी बसायचं, आणि समोर ही टेकडी. चित्राचं अधिकृत नाव 'ब्लिस'. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं ते १९९६ साली कॅलिफोर्नियात, नापा आणि सोनोमा या द्राक्षांच्या प्रदेशातून जाणाऱ्या रस्त्यावर टिपलं. हा गृहस्थ पंचवीस वर्षं 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी काम केलेला. मैत्रिणीला भेटायला निघाला होता, पाऊस होऊन गेला होता, गाडी थांबवली, मामिया आरझेड ६७ हा जाडजूड कॅमेरा तिपाईवर लावला, वेल्व्हिया फिल्मवर काही फोटो काढले आणि पुढे गेला. वेल्व्हिया ही फिल्म हिरवे-निळे रंग अंमळ जास्तच गडद दाखवते, हे फिल्मवर काम केलेल्या कुणालाही माहीत असेल. फोटो एका चित्रसंस्थेत जमा झाला. ती संस्था १९९८मध्ये बिल गेट्सच्या मालकीच्या 'कॉर्बिस'नं विकत घेतली आणि तिथून तो मायक्रोसॉफ्टच्या हाती लागला. त्यांनी नुसता वापराचा परवाना न घेता सगळे हक्कच विकत घेतले. मूळ फिल्मची किंमत इतकी ठरली होती की कुरिअर कंपन्या विमा उतरवायला तयार होईनात. शेवटी ओरिअर स्वतः विमानानं ती घेऊन सिअॅटलला गेला.

ही सगळी हकिगत इंटरनेटवर हजार वेळा सांगून झाली आहे, नेहमी 'किती साधा योगायोग!' अशा सुरात. चित्राबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्यात माणूस नाही, रस्ता नाही, कुंपण नाही, विजेचा खांब नाही, एक गायसुद्धा नाही. टेकडी कुठून सुरू होते ते दिसत नाही आणि आपण कुठे उभे आहोत तेही कळत नाही. नजर जिथे थांबावी असा एकही बिंदू छायाचित्रकारानं दिलेला नाही. निसर्गचित्राच्या परीक्षकानं याला नापास केलं असतं, 'विषयच नाही' म्हणून. पण वॉलपेपर म्हणून हेच त्याचं बळ आहे. विषय पुढे यायचा असतो: आयकॉन, फाइल, काम. मागच्या चित्रानं फक्त जागा करून द्यायची. निवडणाऱ्यांना हे पुरेपूर कळलं होतं. एक्सपीचा खालचा पट्टा निळा, स्टार्टचं बटण हिरवं. जणू पडद्याची चौकटच चित्रातून कापून काढली आहे. नव्यानं एक्सपी टाकल्यावर डेस्कटॉपवर एकच आयकॉन असायचा, उजव्या कोपऱ्यात खाली, रीसायकल बिन. एवढ्या स्वच्छ कुरणात माणसाच्या अस्तित्वाची एकमेव खूण म्हणजे एक कचराकुंडी. हा विनोद कुणी मुद्दाम केला नसणार. पण त्या चित्राचं मला सर्वांत आवडणारं रसग्रहण तेच आहे.

टेकडी इतकी हिरवी का होती? तो द्राक्षांचा मुलूख. तिथे वेलींच्या रांगा दिसायला हव्यात. नव्वदच्या दशकात त्या भागातल्या वेलींच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं ग्रासलं होतं, बागा उपटून टाकाव्या लागल्या होत्या, आणि रिकाम्या जमिनीवर गवत माजलं होतं. आपल्याकडे नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला ते हिरवंगार कुरण दाखवलं तर त्याच्या पोटात गोळा येईल. जगाला 'परमानंद' म्हणून जे दाखवलं गेलं ती कुणाची तरी बुडालेली बाग होती. चित्र यामुळे खोटं ठरतं असं मला म्हणायचं नाही. ओरिअरनं जे होतं तेच टिपलं. पण त्या चित्राला ठिकाण नव्हतं, आणि ते असू नये हीच गरज होती. म्हणून डच आवृत्तीत त्याचं नाव 'आयर्लंड' ठेवलं गेलं आणि पोर्तुगीज आवृत्तीत पोर्तुगालच्याच एका प्रांतावरून 'आलेंतेजो'. जुलैतल्या पठारांचे फोटो टाकून 'आमच्या साताऱ्यात विंडोज एक्सपी' म्हणणारे आपले लोक काही वेगळं करत नाहीत. २००६ साली गोल्डिन आणि सेनेबी या स्वीडिश कलावंतांच्या जोडीनं त्याच ठिकाणी जाऊन नवा फोटो घेतला. त्यात टेकडी तीच आहे, पण तिच्यावर वेलींच्या रांगा आहेत. बागा परत आल्या होत्या. तो फोटो वॉलपेपर म्हणून निरुपयोगी आहे. मला तो मूळ चित्रापेक्षा फार चांगला वाटतो.

डिफॉल्ट चित्रांचा भूगोल कधीतरी नकाशावर मांडून पाहावा. अॅपलनं २०१३पासून आपल्या प्रणालीला कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांची नावं दिली आणि पार्श्वभूमीला त्यांचीच चित्रं: योसेमिटी, एल कॅपिटन, सिएरा, मोहावी, कॅटलिना. म्हणजे एक्सपीवाले कॅलिफोर्नियाच्या टेकडीकडे बघत होते आणि मॅकवाले कॅलिफोर्नियाच्या डोंगराकडे. लातूरमधल्या सायबर कॅफेच्या 'खिडकी'तून दिसणारं दृश्य तिथलंच. यात कुणाचा डाव होता असं नाही. माणूस आपल्या अंगणातले फोटो लावतो, तसं त्यांनी त्यांच्या अंगणातले लावले. फरक एवढाच की त्यांचं अंगण सगळ्यांच्या खिडकीबाहेर आलं.

पण सुरुवात अशी नव्हती. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये वॉलपेपरला लागणारं फोटोचं चित्र शक्यच नव्हतं. पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा, काळा नाहीतर पांढरा. पूर्ण पडद्याचं एक चित्र साठवायचं तर सुमारे २१ किलोबाइट, आणि यंत्राची सगळी मेमरी १२८ किलोबाइट. एक-षष्ठांश जागा नुसत्या शोभेला कोण देईल? म्हणून आठ गुणिले आठ ठिपक्यांचा एक नमुना घ्यायचा आणि तोच फरशीसारखा सगळीकडे मांडायचा, असा उपाय होता. चौसष्ट ठिपके म्हणजे आठ बाइट. या परिच्छेदातल्या तीन देवनागरी अक्षरांनाही त्याहून जास्त जागा लागते. आणि कंट्रोल पॅनेलमध्ये तो नमुना मोठा करून दाखवलेला असे. एकेका ठिपक्यावर क्लिक करून तो काळा-पांढरा करता येई. म्हणजे पार्श्वभूमी निवडायची नव्हती, स्वतः काढायची होती. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असलेल्या बाईला ते कुणी शिकवावं लागलं नसतं. सामान्य वापरणाऱ्याच्या हाती पार्श्वभूमी पहिल्यांदा आली ती या रूपात, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. पुढे मेमरी हजारो पटींनी वाढली, पडद्यावर कोट्यवधी रंग आले. गॅलरीतून चित्र उचलून लावणं सोपं झालं आणि ठिपके काढणं मागे पडलं. हा तोटा फारसा कुणाला जाणवला नाही, कारण बदल्यात फोटो मिळाले होते. बारशाचे, लग्नाचे, सचिनचे, ऐश्वर्या रायचे.

आता परवानगीचा भाग. 'वॉलपेपर बदलणं' ही किरकोळ हौस आहे असं आपण समजतो. सॉफ्टवेअर विकणारे तसं समजत नव्हते. २००९मध्ये विंडोज ७ आली तेव्हा छोट्या, स्वस्त नेटबुकांसाठी 'स्टार्टर' नावाची आवृत्ती काढली गेली. तिच्यात डेस्कटॉपचं चित्र बदलता येत नसे. तांत्रिक अडचण कुठलीही नव्हती. त्याहून कितीतरी दुबळ्या यंत्रांवर पंधरा-वीस वर्षं लोक चित्र बदलत आले होते. कोड लिहिणारा म्हणून सांगतो, चित्र बदलायची सोय काढून टाकायला उलट काम करावं लागतं. ती सोय काढली, कारण स्वस्तातला माल स्वस्तातला आहे हे रोज डोळ्यांसमोर राहायला हवं होतं. एसटीच्या लाल डब्यात बसलेल्याला निमआरामची गादी दिसावी तसं. आणि त्यासाठी वेग नाही, मेमरी नाही, नेमकं मागचं चित्र निवडलं गेलं.

त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २००८मध्ये, चीनमध्ये याची दुसरी बाजू दिसली होती. एक्सपीची चोरटी प्रत वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं एक अपडेट पाठवलं. प्रत अस्सल नाही असं आढळलं की डेस्कटॉप काळा व्हायचा. बाकी सगळं चालू. फाइल उघडत होत्या, पत्रं जात होती. चित्र पुन्हा लावायलाही मनाई नव्हती. पण तासाभरात परत काळं. चीनमध्ये यावर गदारोळ उठला, एका वकिलानं सरकारकडे तक्रार केली. कायद्यानं कंपनीची बाजू चुकीची नव्हती. शिक्षा म्हणून काय निवडलं हे मात्र बघण्यासारखं आहे. काम थांबवलं नाही, नुकसान केलं नाही. फक्त दर तासाला आठवण: हे घर तुझं नाही. आपल्याकडच्या गल्लीबोळातले कॉम्प्युटर कुठल्या सीडीवर चालायचे हे सांगायची गरज नाही, त्यामुळे त्या काळ्या पडद्याचा अर्थ आपल्याला समजावून द्यावा लागत नाही. विंडोज १० अॅक्टिव्हेट केली नसेल तर 'पर्सनलायझेशन'चं पान आजही राखाडी होऊन बसतं.

नोकरीतला लॅपटॉप या बाबतीत जास्त प्रामाणिक म्हणायचा. माझ्या पहिल्या नोकरीत मिळालेल्या लॅपटॉपवर कंपनीच्या चार मूल्यांचं पोस्टर होतं आणि ते बदलता येत नव्हतं. 'हे तुमच्या प्रशासकाकडून नियंत्रित आहे' अशी ओळ यायची. कुणी काही लपवलेलं नव्हतं. यंत्र कंपनीचं, भिंत कंपनीची. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं यावर उपाय म्हणून मुलाचा फोटो छापून लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टीनं लावला होता. तो कुठल्याही धोरणानं काढता येत नव्हता.

फोनची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण फोन खिशात असतो आणि तो आपलाच असल्याची खात्री पक्की असते. पहिल्या आयफोनवर, २००७मध्ये, मुख्य पानाची पार्श्वभूमी काळी होती. चित्र फक्त लॉक स्क्रीनवर. मुख्य पानावर चित्र लावायची मुभा २०१०मध्ये आली, तीही जुन्या थ्रीजी मॉडेलला मिळाली नाही. तोवर इकडे नोकिया आणि चायना फोनवर साईबाबा कधीचे विराजमान झाले होते.

देवाचं वॉलपेपर हा आपल्याकडचा खरा प्रकार, आणि त्यावर हसणाऱ्यांनी तो नीट पाहिलेला नसतो. माझ्या मावशीच्या फोनवर पंढरपूरचा विठोबा आहे. तिनं पहिल्या पानावरचे सगळे आयकॉन दुसऱ्या पानावर हलवले, खालच्या ओळीत फोन आणि व्हॉट्सअॅप एवढंच ठेवलं. का, तर 'देवाच्या तोंडावर काय ते चिकटवायचं?' मग पायांचा प्रश्न आला. खालची ओळ नेमकी विटेवर येत होती. शेवटी तिनं माझ्याकडून चित्र थोडं वर सरकवून घेतलं. पाय मोकळे झाले, मुकुटावर घड्याळ आलं. घड्याळ चालेल म्हणाली. कुठल्याही डिझायनरनं केलेला विचार याहून वेगळा नसतो: काय झाकलं तर चालेल, काय नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातून, लोणावळ्याजवळच्या मळवलीतून, देवांची चित्रं घरोघर गेली तेव्हाही लोकांनी ती नुसती टांगली नाहीत. कुंकू लावलं, जर-टिकल्या चिकटवल्या. छापील प्रतीला आपलं करून घ्यायची रीत तीच आहे. ओरिअरच्या टेकडीला कुणी काही चिकटवलं नाही, कारण ती कुणाची नव्हतीच.

यंत्रही आता वॉलपेपरकडे गंभीरपणे बघू लागलं आहे, कधी जरा जास्तच. २०२०च्या उन्हाळ्यात एका तळ्याचा फोटो गाजला. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधलं सेंट मेरी तळं, ढगांआडून येणारं संध्याकाळचं ऊन. एका हौशी छायाचित्रकारानं काढलेला, फार सुंदर. तो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० वरचे अनेक फोन बंद-चालू, बंद-चालू होत राहायचे. कारण असं: चित्र किती उजळ आहे हे मोजायला प्रणाली प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाची विशिष्ट प्रमाणात बेरीज करून ० ते २५५ मधला आकडा काढते आणि त्या आकड्याच्या खणात एक वाढवते. या फोटोतले रंग नेहमीपेक्षा विस्तृत रंगपट्ट्यात साठवले होते. एका ठिपक्याची बेरीज पूर्णांकात आणताना २५६ झाली. खण २५५ पर्यंतच. पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम कोसळला, पुन्हा उठला, पुन्हा तेच चित्र वाचलं, पुन्हा कोसळला. आमच्या धंद्यात ही चूक पहिल्या वर्षातल्या मुलाची समजली जाते. मला त्यातली वेगळी गोष्ट लक्षात राहिली: चित्र बघणारं पहिलं कुणी आता माणूस नसून फोन असतो. अँड्रॉइड १२ पासून तर वॉलपेपरमधले रंग उचलून बटणं आणि मेनू रंगवले जातात. मावशीच्या फोनचं कॅलक्युलेटर सध्या अबिराच्या छटेत आहे.

आणि ज्या जागेवर नजर हमखास जाते ती जागा भाड्यानं देता येते, हेही उशिरा का होईना ध्यानात आलंच. फेब्रुवारी २०१६मध्ये विंडोज १० च्या लॉक स्क्रीनवर रोज बदलणाऱ्या निसर्गचित्रांच्या जागी एका व्हिडिओ गेमची पूर्ण पडद्याची जाहिरात झळकली. आपल्याकडे बंगळुरूच्या इनमोबीनं २०१८मध्ये 'ग्लान्स' सुरू केलं: फोन उचलला की लॉक स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र, त्याला जोडलेली बातमी, खेळ, खरेदी. २०२०मध्ये गुगलनं त्यात गुंतवणूक केली, २०२२मध्ये जिओनं २० कोटी डॉलर घातले. एवढे पैसे 'किरकोळ हौशी'त कुणी घालत नाही. गंमत म्हणजे बिल गेट्सनं १९८९मध्ये ज्या कल्पनेनं ती चित्रांची कंपनी काढली, जिच्यातून पुढे टेकडी आली, ती हीच होती: घरांच्या भिंतींवर पडदे असतील आणि त्यांवर चित्रं बदलत राहतील. ते पडदे भिंतीवर आले नाहीत, तळहातावर आले.

मला यात खुपतं ते जाहिरात असणं नाही. जाहिरातीचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाण्याकडून, सोनाराकडून फुकट मिळालेलं, खाली दुकानाचं नाव. पण ते खिळ्यावर आपण टांगायचो आणि आवडलं नाही तर पुठ्ठा म्हणून वापरायचो. रोज आपोआप बदलणाऱ्या चित्रात 'बदलणं' हे क्रियापद तेवढं शिल्लक राहतं, कर्ता दुसरा होतो.

बाबांच्या फोनवर असलीच कुठलीशी सोय चालू होती. गेल्या दिवाळीत मी ती चार मेनू खाली जाऊन बंद केली आणि लॉक स्क्रीनवर आईचा आणि त्यांचा गणपतीपुळ्याचा फोटो लावला. त्यांनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "अरे, ते रोजचं चित्र कुठे गेलं?" मी जाहिरातींचं, डेटा जाण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ते असेल रे. पण सकाळी उठल्यावर काहीतरी नवीन दिसायचं. हा फोटो तर हॉलमध्ये आहेच." मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. चालू करायला दोनच टप्पे लागले.